सुई, नॉझल आणि पुसणारा हात

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत बॉशचा कारखाना आहे. कंपनीचं नाव २००८ मध्ये बदललं, तरी जुन्या नाशिककरांच्या तोंडी तो अजून ‘मायको’च आहे. डिझेल इंजिनाला इंधन पुरवणाऱ्या इंजेक्टरची नॉझलं इथे तयार होतात. आजच्या कॉमन रेल इंजिनात इंधनाचा दाब २००० बारच्याही पुढे जातो, आणि ते ज्या छिद्रांतून फवारलं जातं त्यांचा व्यास ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या घरात असतो. आत सरकणारी सुई आणि तिला धरून ठेवणारं घर यांच्यातली फट काही मायक्रॉनची. ही दोघं एकमेकांसाठीच घासून बसवलेली असतात. एका नॉझलची सुई दुसऱ्यात घालायची नाही, हे डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही मिस्त्रीला पाठ असतं.

याच शहरातल्या कित्येक घरांत, अभ्यासाच्या टेबलाच्या कडेला किंवा बंद केलेल्या बाल्कनीत, सुई आणि नॉझलची आणखी एक जोडी नांदते. ती एअरब्रशची. इथे छिद्र ०.२, ०.३ किंवा ०.५ मिलिमीटरचं, आणि हवेचा दाब जेमतेम एक ते दीड बार. कारखान्यातल्या नॉझलमागे मोजमाप करणारी यंत्रं, तपासणी विभाग आणि प्रशिक्षित माणसं उभी असतात. घरच्या नॉझलमागे एकच माणूस असतो. चित्रकार तोच, मेंटेनन्स खातं तोच, आणि काही मोडलं तर चौकशी समितीही तोच.

हा माणूस कोण असेल हे सांगता येत नाही. कोणी विमानांची आणि रणगाड्यांची प्लास्टिकची मॉडेलं जोडतो, कोणी हेल्मेटवर आणि बाइकच्या टाकीवर ज्वाळा रंगवतो, कोणी गणपतीच्या दिवसांत मूर्तीच्या गालांवर छटा देतो. कोणी घरून केकच्या ऑर्डरी घेते आणि आयसिंगवर खाण्याच्या रंगाचा फवारा मारते. या शेवटच्या मंडळींनी एक पथ्य कडक पाळायला हवं. ज्या ब्रशातून एकदा थिनर किंवा एनॅमल गेलं, तो पुन्हा केकजवळ न्यायचा नाही. कितीही धुतला तरी नाही. बाकी सगळ्यांचं दुखणं मात्र एकच. हे हत्यार रंगकामात फारसं बिघडत नाही. ते बिघडतं साफसफाईत.

जोराने पिळलेला पाना, नॉझलमध्ये खुपसलेली टाचणी, रात्रभर थिनरमध्ये बुडवून ठेवलेला अख्खा ब्रश, कापसाच्या बोळ्यात अडकून वाकलेली सुई: दुकानात नवं नॉझल मागायला आलेल्या माणसाची कहाणी बहुतेक वेळा यांपैकीच एक असते. आळशी माणसाच्या ब्रशात रंग वाळतो. तो उशिरा का होईना, सोडवता येतो. अति उत्साही माणसाच्या ब्रशात धातू तुटतो, आणि त्याला औषध नाही.

हे समजायला आतली रचना थोडी पाहावी लागते. छंदासाठी वापरले जाणारे बरेचसे ब्रश ‘डबल ॲक्शन’ असतात. ट्रिगर खाली दाबला की हवा सुटते, मागे ओढला की सुई मागे सरकते आणि नॉझलच्या तोंडाशी जागा होते. नॉझलच्या भोवतीने वेगाने वाहणाऱ्या हवेमुळे तिथला दाब कमी होतो, वरच्या कपातला रंग त्या पोकळीकडे ओढला जातो आणि हवेत मिसळून त्याचा धुरळा होतो. रंग किती यावा हे सुई ठरवते. सुईचा शंकू आणि नॉझलचा शंकू जितके तंतोतंत जुळतील, तितकी रेघ बारीक. म्हणजे या यंत्राचं सगळं मर्म तांदळाच्या दाण्याहून लहान अशा धातूच्या तुकड्यात आणि केसासारख्या निमुळत्या टोकात साठवलेलं आहे.

ही कल्पना तशी जुनी. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ॲबनर पीलर या माणसाने १८७० च्या दशकाच्या शेवटी हवेने रंग उडवणारं एक सुरुवातीचं उपकरण बनवलं. चार्ल्स बर्डिकने १८९० च्या दशकात नॉझलच्या आत सुई आणि रंग-हवेचं मिश्रण अशी जी रचना रूढ केली, तिचाच वंश आजच्या ब्रशांत चालू आहे. सुरुवातीला त्याचा मोठा उपयोग फोटोंना हात फिरवण्यासाठी झाला. चेहऱ्यावरचे डाग घालवायचे, मागची भिंत पुसून तिथे मऊ राखाडी छटा आणायची. ब्रशाच्या फटकाऱ्याचा मागमूस नसलेली ती छटा नंतर जाहिरातींत, कॅलेंडरांत आणि मासिकांच्या मुखपृष्ठांवर पोचली.

मराठी घरांत ती छटा पोचवणाऱ्यांत रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) हे नाव पहिल्या ओळीतलं. गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत नावारूपाला आलेले मुळगावकर दिवाळी अंकांची मुखपृष्ठं आणि देवादिकांची कॅलेंडरं यांमुळे घरोघरी ओळखले गेले. त्यांच्या चित्रांतली ती तुकतुकीत त्वचा, कडा विरघळलेला प्रकाश, रेशमी पार्श्वभूमी यांत स्प्रेच्या तंत्राचा मोठा वाटा होता. अशा कामात जाड दळलेला अपारदर्शक रंग बारीक नॉझलमधून घालवायचा तर तो आधी पातळ करून, तलम कापडातून गाळून घ्यावा लागतो. आजही पोस्टर कलर वापरणाऱ्याला ही पायरी चुकत नाही. गाळणीत अडकलेला कण नॉझलमध्ये अडकत नाही, म्हणून साफसफाईची सुरुवात खरं तर रंग कपात पडण्याआधीच होते.

दुसरं टोक पाहायचं तर रायगड जिल्ह्यातल्या पेण-हमरापूर भागात. तिथल्या कारखान्यांत गणेशमूर्तींवर अंगाचा रंग कॉम्प्रेसर आणि स्प्रेने चढतो, आणि डोळ्यांची आखणी मात्र केसांच्या ब्रशाने, सराईत हाताने होते. सणाआधीच्या घाईत एकामागून एक रंग बदलत जातात आणि गन खोलून बसायला कुणाला सवड नसते. तरी काम चालतं, कारण रंग संपला की लगेच पाणी, पाणी संपलं की पुढचा रंग, असा प्रवाह तुटत नाही. आतला रंग वाळायला उसंतच मिळत नाही.

घरच्या छंदात नेमकी हीच उसंत घात करते. फोन येतो, जेवायला हाक येते, पाच मिनिटांत येतो म्हणून ब्रश स्टँडवर ठेवला जातो. ॲक्रिलिक रंगाचा स्वभाव असा की त्यातलं पाणी उडालं की प्लास्टिकचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून त्यांचा पापुद्रा बनतो. हा बदल एकाच दिशेचा. ओला असेपर्यंत जो रंग साध्या पाण्याने निघाला असता, तो वाळल्यावर पाण्याला दाद देत नाही. मग क्लीनर लागतं, थिनर लागतो, शेवटी हत्यारं लागतात. जेवणाआधी दोन मिनिटं ब्रशातून पाणी काढणं आणि दुसऱ्या दिवशी दोन तास त्याचे भाग सोडवत बसणं यांतून निवड करायची असते.

त्यात नाशिकची हवा आपला हिस्सा घालते. एप्रिल-मे महिन्यांतल्या दुपारी इथली कोरडी, तापलेली हवा सुईच्या टोकावरच रंग वाळवून टाकते. फवारा अडखळतो, मग अचानक एक थेंब सुटतो आणि नेमका विमानाच्या शेपटीवर जाऊन बसतो. यावर लगेच नॉझल खोलायची गरज नसते. क्लीनरमध्ये भिजवलेल्या मऊ ब्रशाने टोक हळूच पुसावं, रंगात वाळणं लांबवणाऱ्या रिटार्डरचे एक-दोन थेंब घालावेत, जमलं तर काम सकाळवर ढकलावं. नखाने टोक खरवडणं हा सगळ्यांत सोपा उपाय वाटतो, आणि सुई वाकवण्याचाही तोच सगळ्यांत सोपा उपाय आहे.

जून लागला की तक्रार उलटते. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूने ढग उतरतात, हवा दमट होते, आणि कॉम्प्रेसर ती दमट हवाच दाबतो. दाबलेली हवा टाकीत आणि नळीत थंड होताना तिच्यातली वाफ पाणी होऊन बसते. मग रंगाऐवजी मधूनच पाण्याचे शिंतोडे येतात आणि दोष नॉझलच्या माथी मारला जातो. बिचाऱ्या नॉझलला खोलून, घासून, पुन्हा पिळून बसवलं तरी शिंतोडे थांबत नाहीत, कारण खोट दोन फुटांवरच्या, हवेतलं पाणी अडवणाऱ्या ओलावा-सापळ्यात असते. त्या काचेच्या वाटीत साठलेलं पाणी काढायचं आणि काम संपल्यावर टाकीच्या तळाचा व्हॉल्व्ह उघडून ती रिकामी करायची. जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर वापरून घरीच यंत्र बनवणाऱ्या हौशींनी एक आणखी पाहायला हवं: त्या कॉम्प्रेसरमधून हवेबरोबर तेलाचे अंशही येतात, आणि तेलाचा सूक्ष्म थेंब रंगाच्या थरात गोल डोळे पाडतो.

रोजची साफसफाई साधी आहे आणि ती साधीच ठेवावी. उरलेला रंग कपातून ओतून टाकायचा. कप टिश्यूने पुसायचा, पण तळाशी, जिथे सुई दिसते तिथे, टिश्यू रेटायचा नाही. थोडं पाणी किंवा त्या रंगाला चालणारं क्लीनर घालून फवारा मारायचा. तो हवेत न मारता झाकणाच्या बरणीत मारला तर नाकात जात नाही. मग कप अर्ध्याहून कमी भरून उलटा फवारा. टोकावरची टोपी किंचित सैल करून किंवा तोंड कापडाने हलकेच झाकून ट्रिगर ओढला की हवा पुढे जायची वाट न मिळाल्याने मागे वळते आणि ताकात रवी फिरवल्यासारखे कपात बुडबुडे उठतात. नॉझलच्या आतल्या भिंतीला चिकटलेला रंग सुटून वर येतो. ज्या ब्रशाच्या टोकाला पाकळ्यांची उघडी टोपी असते, त्यात सुईचं टोक उघडं पडलेलं असतं. तिथे कापूस लावला तर तंतू अडकतात आणि टोक वाकतं. अशा वेळी टोपी सैल करण्याची पद्धत बरी.

शेवटी स्वच्छ पाणी, मग कोरडी हवा. आणि फवारा बंद करताना नेहमीचा क्रम: आधी रंग थांबवायचा, हवा मागून बंद करायची. ट्रिगर पुढे आणला की सुई नॉझलमध्ये बसते, आणि तरीही वाहत राहिलेली हवा टोकावरचा उरलेला थेंब उडवून नेते. एवढी सवय लागली की पूर्ण खोलून धुण्याचे प्रसंग कमी होतात, आणि जितकं खोलणं कमी तितकं मोडणंही कमी.

तरी कधीतरी खोलावं लागतंच. तेव्हा आधी टेबलावर पांढरं कापड किंवा कडा असलेला ट्रे. नॉझल फरशीवर पडलं तर ते पलंगाखाली जातं, हा कुठल्याही पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात नसलेला नियम आहे. सिंकवर खोलायचं असेल तर जाळी बसवूनच. मागचं हँडल काढायचं, सुई पकडणारा नट सैल करायचा आणि सुई सरळ मागे ओढून बाहेर घ्यायची. नॉझलला हात त्यानंतर. सुई आत असताना नॉझल फिरवलं तर निमुळतं टोक आतल्या भिंतीवर घासतं. सुई हलत नसेल तर पक्कड आणू नये. आत रंग वाळून तिला धरून बसला आहे, एवढाच त्याचा अर्थ. कपात क्लीनर घालून वाट पाहावी, पुन्हा प्रयत्न करावा, पुन्हा वाट पाहावी.

बाहेर आलेली सुई पुसायची ती जाड बाजूकडून टोकाकडे, बोटांत फिरवत. टोकाकडून मागे पुसणाऱ्याच्या बोटात ती घुसते किंवा कापडात अडकून वाकते. दोन्हींत नुकसान आहे. नॉझल साफ करायला दातांच्या फटींत फिरवायचे नायलॉनचे बारीक ब्रश फार उपयोगी, पण त्यांच्या मधोमध तार असते हे विसरू नये. शिरायचं ते रुंद बाजूने, मागून. बारीक तोंडातून टाचणी घालणारा माणूस ते तोंड मोठं करून ठेवतो, आणि ०.३ चं नॉझल त्या दिवसापासून कुठल्याच मापाचं उरत नाही.

बसवताना तर जास्त जपावं लागतं. काही जपानी धाटणीच्या ब्रशांत नॉझलला अगदी बारीक आटे असतात. ते बोटाने बसेपर्यंत फिरवायचं, नंतर छोट्या पान्याने केसभर. जोर लावला की आट्याच्या मुळाशी ते तुटतं आणि अर्धा तुकडा ब्रशाच्या तोंडात अडकून राहतो. हार्डर अँड स्टीनबेकसारख्या जर्मन ब्रशांत नॉझल नुसतं आत सोडून वरून टोपी फिरवायची असते, त्यामुळे तिथे हा धोका कमी. आट्यांतून हवा गळत असेल तर आणखी पिळण्याऐवजी त्यांना चिमूटभर मेण लावतात. शेवटी सुई. ती टेकेपर्यंत हळू पुढे न्यायची, टेकली की थांबायचं, मग नट आवळायचा. सुई ठोकून घट्ट बसवण्याची हौस नॉझलचं तोंड फाकवते. कधी त्याला उभी चीर जाते.

द्रवांचा प्रश्न वेगळाच, आणि इथे गल्लीतल्या दुकानाचा सल्ला नेहमी कामाचा नसतो. रंगाच्या दुकानात एनसी थिनर मिळतो, औषधाच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल. दोन्ही वाळलेला रंग सोडवतात, पण कुठल्या रंगाला काय चालतं ते बघावं लागतं. काही पाण्याच्या ॲक्रिलिकांत, उदाहरणार्थ व्हॅलेहोच्या रंगांत, अल्कोहोल पडलं की रंग फाटतो आणि त्याचा चिकट लगदा होऊन नॉझल जास्तच तुंबतं. तिथे आधी पाणी, मग त्याच रंगाचं क्लीनर. एनसी थिनर लॅकर आणि एनॅमलला हवा, पण ब्रशातल्या साध्या रबरी ओ-रिंग त्यात फुगतात. टेफ्लॉनची सील टिकते, रबर टिकत नाही. म्हणून भिजवायचं ते सुटं डोकं, नॉझल, टोपी. अख्खा ब्रश नाही. ट्रिगरखाली हवेचा व्हॉल्व्ह असतो, त्यात स्प्रिंग आणि रबर असतं, आणि रंगाशी त्याचा काहीच संबंध नसतो. तो न खोलता वर्षानुवर्षं चालतो. थिनर वापरताना खिडकी उघडी आणि तोंडावर वाफ अडवणारा कार्बनचा मास्क. कापडी मास्क फार तर थोडा धुरळा अडवेल, वाफ नाही.

घरातली काच पुसायची निळी फवारणी कित्येक जण ब्रशासाठी वापरतात. तिच्यात अमोनिया असेल तर थोडं थांबावं. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या सैन्याची पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकत असत. पावसाळाभर ती तबेल्यांत ठेवलेली असायची. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया, दमट हवा, आणि काडतूस घडवताना धातूत राहिलेला ताण, या तिघांनी मिळून भेगा पाडल्या. हे कोडं मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी १९२१ मध्ये उलगडलं. एअरब्रशाचं अंगही सहसा पितळेचंच, वरून क्रोम किंवा निकेलचा मुलामा. दोन फवारे मारून लगेच पाण्याने धुतलं तर काडतुसाची गत होणार नाही. पण मुलामा उडालेला ब्रश अमोनियाच्या द्रवात रात्रभर बुडवून ठेवणं म्हणजे तो जुना प्रयोग घरी पुन्हा करणं. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या नाशकात आणखी एक मोह होतो: चिंच किंवा पितळ उजळायच्या पावडरीने ब्रश लखलखीत करण्याचा. देवघरातल्या समईला ते ठीक. इथे पावडरीचे कण सुईच्या वाटेत जातात आणि मुलामा घासला जातो.

नाशिकजवळच्या ओझरला १९६४ मध्ये मिग विमानांसाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विभाग उभा राहिला, आणि तेव्हापासून या जिल्ह्याच्या आकाशात लढाऊ विमानांचा आवाज नवा उरला नाही. मिग-२१, मिग-२७, पुढे सुखोई-३० एमकेआय. वायुसेनेतून मिग-२१ चा निरोप २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला झाला. नाशिकच्या मॉडेल जोडणाऱ्याला या विमानाची ओढ असणं साहजिक आहे. १:७२ मापात ते एका वितीचं होतं. सुरुवातीची मिग-२१ एफएल उघड्या धातूची, चंदेरी दिसत. १९७१ च्या युद्धाच्या सुमारास त्यांतल्या अनेकांवर घाईने हिरवे-तपकिरी पट्टे चढले. मॉडेलवर ती चंदेरी कातडी आणायची तर खाली चकचकीत काळा थर आणि वर धातूच्या रंगाचे अतिपातळ थर द्यावे लागतात.

आणि हा चंदेरी रंग साफसफाईची खरी परीक्षा घेतो. त्यात ॲल्युमिनियमचे चपटे कण असतात. ते जड असल्याने कपाच्या गळ्याशी बसतात, सुईवरून मागे सरकतात आणि सुईच्या पॅकिंगपाशी घर करतात. ब्रश धुतलेला दिसतो, पाणीही स्वच्छ येतं. चार दिवसांनी पांढरा रंग भरला की त्यात चमकी उतरते. म्हणून जाणते हात चंदेरी रंगाचं काम सगळ्यांत शेवटी ठेवतात, किंवा त्यासाठी जुना ब्रश वेगळा काढतात. त्या दिवशी मात्र पूर्ण खोलून धुण्याला पर्याय नसतो. विमानांच्या देखभालीत काम संपल्यावर हत्यारं मोजून ठेवण्याची शिस्त असते, कारण विसरलेला एक पानाही उड्डाणात घात करू शकतो. घरी काम संपल्यावर पांढऱ्या कापडावर सात-आठ भाग ओळीने मांडले, तर टोपीबरोबर पुसायच्या चिंधीत गुंडाळून नॉझल कचऱ्यात जाण्याचा अनर्थ टळतो.

ब्रश बिघडला की तो खुणा देतो. ट्रिगर न ओढता कपात बुडबुडे येत असतील तर नॉझल सैल आहे किंवा त्याला चीर गेली आहे. नुसती हवा सोडली तरी रंग येत असेल तर सुई पूर्ण बसलेली नाही. फवारा एका बाजूला झुकत असेल तर सुईचं टोक वाकलं आहे, नाहीतर टोपीत रंग जमला आहे. टोपी किंचित फिरवून पाहावी. फवाऱ्याची दिशा तिच्याबरोबर फिरली तर दोष टोपीत, न फिरली तर आत. ट्रिगर रेंगाळत परत येत असेल तर सुईच्या मागच्या भागावर रंग वाळला आहे. प्रत्येक वेळी सगळं खोलण्यापेक्षा बाहेरून आत असं तपासत गेलं की निम्म्या वेळा उत्तर पहिल्या दोन पायऱ्यांत सापडतं. सुई वाकली आहे का हे काचेवर लोळवून कळतं. टोकाचा बारीकसा आकडा असेल तर ते गुळगुळीत कठीण पृष्ठभागावर तिरकं टेकवून, सुई बोटांत फिरवत मागे ओढत सरळ करता येतं. वाकण जास्त असेल तर नवी सुई घ्यावी, कारण वाकडी सुई वापरत राहिलं तर ती नॉझलही खाते.

अल्ट्रासॉनिक यंत्रं आता छंदवाल्यांच्या आवाक्यात आली आहेत. पाण्यातल्या कंपनांनी अवघड कोपऱ्यातला रंगही सुटतो. त्यात फक्त धातूचे सुटे भाग घालावेत, थोडाच वेळ ठेवावेत, आणि सुईचं टोक दुसऱ्या भागांवर आपटणार नाही असं बघावं. मुलाम्याला आधीच फोड आला असेल तर तो तिथून सुटू शकतो. बोअरवेलच्या जड पाण्याने शेवटचं धुणंही टाळलेलं बरं. ते वाळलं की क्षाराचा पांढरा थर मागे ठेवतं. शेवटच्या फेरीला डिस्टिल्ड पाणी पुरतं, आणि ते लागतं तरी किती!

तेलाचं तसंच. सुईच्या मागच्या भागाला आणि ट्रिगरच्या सांध्याला एअरब्रशासाठी मिळणारं वंगण लावायचं, तेही एक थेंब बोटावर घेऊन. शिवणयंत्राचं तेल किंवा सिलिकॉनचा स्प्रे रंगाच्या वाटेत पोचला की थर धरत नाही. खंडेनवमीला सातपूर-अंबडच्या कारखान्यांत यंत्रं पुसून त्यांना हळद-कुंकू वाहतात. घरचा एअरब्रशही त्या पाटावर बसायला हरकत नाही, फक्त कुंकवाचं बोट त्याच्या तोंडापासून लांब असावं.

राहिला प्रश्न धुवून निघालेल्या गढूळ द्रवाचा. बहुतेक घरांत तो मोरीत जातो. त्यात रंगद्रव्य असतं, प्लास्टिक असतं, कधी टोल्युइन असलेला थिनर असतो, आणि मोरीतून तो गटाराच्या वाटेने कुठे जातो हे गोदाकाठच्या माणसाला नव्याने सांगावं लागत नाही. सिंहस्थाच्या निमित्ताने नदीच्या पाण्यावर इतकं बोललं जात असताना आपली अर्धी वाटी मोजायची कशाला, असं वाटणं शक्य आहे. पण २०१६ च्या घनकचरा नियमांनीच रंगाचे टाकलेले डबे घरगुती घातक कचऱ्यात धरले होते, आणि नाशिकच्या घंटागाडीला असा कचरा वेगळा बांधून देता येतो. थिनर झिरपत्या चिंध्या आधी गच्चीवर, सावलीत, विस्तवापासून लांब पूर्ण वाळू द्याव्यात.

काचेच्या तीन बाटल्या ठेवणाऱ्यांचं काम त्याहून सोपं होतं. पहिल्या बाटलीतल्या थिनरने पहिलं, घाण धुणं, दुसरीतल्याने दुसरं, तिसरीतल्या स्वच्छ थिनरने शेवटचं. पहिली बाटली आठवडाभर हलवली नाही तर रंग तळाशी बसतो आणि वरचा निवळ भाग पुन्हा वापरता येतो. तळाचा गाळ रद्दीच्या कागदावर वाळवून कचऱ्यात. तिसरी बाटली गढूळली की ती दुसरी होते, दुसरी पहिली होते, आणि एक लिटर थिनर महिनोन्‌महिने पुरतो. नवं नॉझल मागवायची वेळ आली आणि छंदावर एवढा खर्च कशाला अशी विचारणा झाली, की हा वाचलेल्या थिनरचा हिशेब घरी दाखवायला फार उपयोगी पडतो.